न वाकलेला गर्डर

१

बाहेर पडताना दाराला कुलूप लावलं की मी ते तीनदा ओढून पाहतो. फाटकापर्यंत जातो, परत येतो, आणखी एकदा ओढतो. लग्न झाल्यापासूनचं आहे हे. आमची ही तेवढा वेळ पायरीपाशी उभी राहते. लेकीकडे न्यायच्या भरलेल्या पिशव्या दोन्ही हातांत असल्या तरी त्या खाली टेकवत नाही.

"अगं, ठेव ना तेवढ्यापुरत्या."

"ठेवायच्या, पुन्हा उचलायच्या, त्यातच कंबर मोडते. तुमचं होईपर्यंत धरते की."

"झालंच."

"सावकाश बघा. मी आहे."

मी जन्मभर इमारतींचं गणित शिकवलं. कोणत्या भिंतीवर किती भार येतो, कोणता खांब किती सोसतो. त्यावर डॉक्टरेट घेतली, जाड पुस्तकं वाचली, दुसऱ्यांची गणितं तपासली. अशा गणितात काही चुकलंच तर सांभाळून घ्यायला एक जादा गुणक धरतात, त्याला फॅक्टर म्हणतात. मी तो धरायचो आणि मनातल्या मनात पुन्हा एकदा धरायचो. म्हणून मुलांनी माझं नाव 'फॅक्टर' ठेवलं होतं. हे मी कौतुकानं घरी सांगितलं आणि पस्तावलो. लेक अजून मला फॅक्टरसाहेब म्हणते.

पण स्वतः सही करून उभं केलेलं माझं काही नव्हतं. एक गोठासुद्धा नाही. कोणी विचारलंच तर मी म्हणायचो, वेळ मिळाला नाही. खरं कारण हिला माहीत होतं. ती कधी बोलली नाही.

२

लेक फिजिओथेरपिस्ट आहे. अपघातातून, अर्धांगाच्या झटक्यातून उठलेल्या माणसांना ती पुन्हा चालायला शिकवते. आमच्या घरामागच्या दोन खोल्या एक करून तिला लांबलचक हॉल हवा होता. दोन खोल्यांमध्ये जाड भिंत होती आणि वरचा स्लॅब त्या भिंतीवर बसलेला होता. भिंत काढायची तर तिच्या जागी, या टोकापासून त्या टोकापर्यंत, लोखंडी गर्डर घालावा लागणार होता. नऊ मीटर, सलग.

"मध्ये खांब नको हं बाबा. माझी माणसं आधीच झोकांड्या खातात. खांब दिसला की बरोबर त्याच्यावरच जाऊन आदळतील."

असे गर्डर तयार मापांत मिळतात. साडेचारशे मिलिमीटर उंचीचा घ्या, नाहीतर पाचशेचा. मधलं माप बाजारात नाही. माझ्या गणितात पाचशेचा आरामात पास होत होता आणि साडेचारशेचा अगदी थोडक्यात नापास. फक्त पाचशेचा दोन इंच खाली लोंबणार होता. स्लॅब मुळातच बुटका, आणि रुग्णांना पट्ट्यात अडकवून उभं करायची लेकीची उंच चाकांची घोडी त्याच्याखालून जाणार नव्हती.

"दोन इंच, बाबा! दोन इंचांसाठी अडलंय सगळं."

"सर, साडेचारशे तर माझ्या यार्डात पडूनच आहे," वेल्डिंगवाला म्हणाला. मोठ्या पोटाचा, मोठ्या आवाजाचा, मनानं भला माणूस. "म्हणाल तेव्हा चढवतो. त्याच्याखाली ट्रक उभा करा."

"ट्रक खाली नाही, वर उभा राहायला हवा," मी म्हणालो.

"ऐकलंत ना काका? आमचे फॅक्टरसाहेब कोंबड्यांच्या खुराड्यालाही धरणाची भिंत घालतील."

दोघं हसले. तेवढ्यात ही गच्चीवरून कपडे वाळत घालून खाली आली. रिकामी बादली कमरेवर, बाह्या ओल्या.

"त्यांना पाचशेचा वाटतोय ना, मग पाचशेचाच घ्या बाई," ती लेकीला म्हणाली. "नाहीतर ते झोपायचे नाहीत आणि मलाही झोपू द्यायचे नाहीत."

आता तिघंही हसले. ती माझी बाजू घेत होती, हे मला तेव्हाही कळत होतं. पण सत्तरी ओलांडलेल्या माणसाची बाजू बायकोनं कपड्यांची बादली घेऊन मांडावी, याचं मला कसंसंच वाटलं. एकदा तरी, वाटलं, आपण धडाडीनं काही ठरवावं.

छताच्या गणितात दोन भार धरतात. एक छताचा स्वतःचा, त्यात काही करता येत नाही. दुसरा त्याच्यावर वावरणाऱ्या माणसांचा. मी दुसऱ्यावर काट मारली आणि जिथे कोणी जात नाही अशा छताला धरतात तो लहान आकडा लिहिला.

"गच्चीवर जातंय कोण?" मी म्हणालो.

"मी जाते की," ही म्हणाली.

"तू काय गं! तुझं कसलं आलंय वजन."

सगळे हसले. तीही हसली. साडेचारशेचा पास झाला.

एका बाईच्या वजनानं नऊ मीटरच्या गर्डरला काही होत नाही, हे खरं आहे. अजूनही खरं आहे. पण मी तो आकडा वजन पाहून खोडला नव्हता. मला चारचौघांत जरा मोठं दिसायचं होतं.

३

भिंतीच्या दोन्ही बाजूंना लोखंडी टेकू लावून स्लॅब तोलून धरला. भिंत पाडली. गर्डर चढवला, तांबड्या प्रायमरचा हात मारलेला. गर्डर आणि स्लॅब यांच्यातली फट सिमेंट ठासून भरली, ती सुकू दिली. आता टेकू सैल करायचे होते, म्हणजे छताचा भार गर्डरवर उतरणार होता.

भार उतरला की गर्डर वाकतो. वाकायलाच हवा. पहिल्याच तासाला मी प्लॅस्टिकची फूटपट्टी दोन पुस्तकांवर ठेवून मध्ये डस्टर ठेवायचो आणि मुलांना सांगायचो, "पाहा, ही वाकली म्हणून हिनं भार घेतला. न वाकता कोणी काही उचलत नाही." आमचा गर्डर मधोमध साधारण इंचभर खाली यायला हवा होता. डोळ्यांना दिसला नसता, मापाला दिसला असता. त्यासाठी मी त्याच्याखाली टोकापासून टोकापर्यंत नायलॉनची दोरी ताणून बांधली होती. मधोमध दोरी आणि गर्डर यांच्यात चार बोटं बसत होती. भार आल्यावर तीन बसायला हवी होती.

वेल्डिंगवाला एकेक टेकू सैल करत निघाला. शेवटचा राहिला तेव्हा ही चहाचा ट्रे घेऊन आत आली आणि नेमकी मध्यावर येऊन थांबली.

"आई, बाजूला हो. ट्रे ठेव कुठेतरी."

"तुमचं होऊ दे. धरते की."

शेवटचा टेकू सुटला. सगळे वर पाहत होते. मी स्टुलावर चढून दोरीवर बोटं ठेवली. चार. खाली उतरलो, चष्मा पुसला, पुन्हा चढलो. चार.

"किती?" लेकीनं विचारलं.

"काहीच नाही."

"एक सूतसुद्धा नाही?" वेल्डिंगवाल्यानं माझी पाठ थोपटली. "सर, मानलं तुम्हाला! आणि म्हणे नापास!"

लेकीनं टाळ्या वाजवल्या. मीही हसलो. मग सगळ्यांनी हिच्या हातातला चहा घेतला. निवला होता. ट्रेवर कप किणकिणत होते, पण ती तशीच वर बघत उभी होती. कपाळावर घाम.

गर्डर जास्त वाकला असता तर मी घाबरलो असतो, पण समजलो असतो. तो मुळीच वाकला नव्हता. म्हणजे त्यानं काही उचललंच नव्हतं. मग एवढं छत कोणी उचललं होतं?

४

मी कारणं शोधली. विद्वान माणसाला कारणांची वानवा नसते. बाजूच्या भिंतींनी स्लॅब धरून ठेवला असेल. दोरी सैल पडली असेल. टोकं घट्ट बसली असतील. प्रत्येक कारण कागदावर मांडलं. थोडं थोडं प्रत्येकानं दिलं, पण सगळी मिळूनही पुरेना. वयही झालंय, मी स्वतःला सांगितलं, चार आणि तीन बोटांतला फरक कळेनासा झाला असेल.

हॉल सुरू झाला. सकाळपासून माणसं येऊ लागली. लेकीचा आवाज माझ्या खोलीत ऐकू यायचा. "भार टाका. घाबरू नका, पायावर पूर्ण भार टाका. तो घेतोय बघा." मग कोणाचं तरी अडखळतं पाऊल.

हीसुद्धा तिथेच असायची. पाणी दे, काठी आणून दे. मी दारातून पाहायचो. हॉलभर फिरताना ती मध्यावर आली की थांबायची. मागे दोन माणसं असोत, हातात काही असो, थांबायची. गुणगुणायची. रुग्ण तिला वळसा घालून जायचे. काही दिवसांनी लक्षात आलं, ती तिथे नसली तरी ते त्या जागेला वळसा घालतात. मध्ये खांब नको म्हणून एवढं केलं, आणि माणसं खांब असल्यासारखी चालत होती.

तिथली फरशी नवी होती. एका दुपारी केर काढताना तिच्यावर दोन केसासारख्या चिरा दिसल्या. माणूस पाय जरा फाकवून उभा राहिला तर टाचा जिथे येतील तिथे.

"फरशीवाल्यानं खाली पोकळ ठेवलंय," लेक म्हणाली. मी वाकून टिचकी मारली. भरीव आवाज आला.

त्याच सुमारास हिच्या खांद्यांवर डाग दिसू लागले. दोन्ही खांद्यांवर, कपडा कोणताही असो, तांबूस. साबणानं जात नव्हते.

"हे कसले गं?"

"गच्चीवरची तार गंजलीय. तिचे असतील."

मी गच्चीवर जाऊन पाहिलं. वाळत घालायला तार नव्हतीच. प्लॅस्टिकची दोरी होती, निळी.

तरी मी तिला पुन्हा विचारलं नाही. विचारायला हवं होतं. तिनं उत्तर दिलं असतं, याचीच मला भीती वाटली.

५

मग गच्चीवरच्या त्या निळ्या दोरीपर्यंत तिचा हात पुरेना. "जरा खाली बांधून देता का हो?" मी बांधून दिली. फडताळातला वरचा डबा पूर्वी टाचा उंचावून निघायचा, आता स्टूल लागू लागलं. रात्री झोपताना ती कुशीवर वळायची तेव्हा पाठीतून बारीक आवाज यायचा, वाळूच्या पोत्यावर कोणी बसावं तसा.

लेकीनं एकदा हसतहसत तिला भिंतीवरच्या मोजपट्टीशी उभं केलं आणि तिचं हसू मावळलं.

"आई, एक इंच कमी झालीस तू."

"म्हातारपणी होतातच माणसं बुटकी."

"इतक्या पटकन नाही होत. तू काही जड उचलतेस का? खरं सांग."

"मी कशाला काय उचलू? तूच सगळं त्यांच्याकडून उचलून घेतेस," ती माझ्याकडे बोट दाखवून म्हणाली. "बाबांनी परवा स्वतः पाण्याचा तांब्या भरून घेतला."

"चला, सुधारणा आहे," लेक म्हणाली, पण तिची नजर आईच्या मानेवर होती.

मला त्या इंचाचं दुसऱ्या एका इंचाशी नातं जोडायचं नव्हतं. सुशिक्षित माणसानं असं काही जोडू नये. तरी खोलीत येऊन मी गर्डरचं वाकणं नव्यानं काढलं. इंचभर. तेच.

लोखंडाचं एक बरं असतं. भार आला की काय ते वाकतं आणि तिथे थांबतं. माणसाच्या हाडांचं तसं नाही. भार राहिला की ती दबतच जातात, रोज थोडी. हे मला कोणी शिकवायला नको होतं.

६

हाडांची तपासणी करायला लेक तिला गाडीतून घेऊन निघाली. गर्डर चढवल्यापासून ती पहिल्यांदाच फाटकाबाहेर पडत होती. सकाळची वेळ होती. हॉलमध्ये एकच रुग्ण आला होता, निवृत्त पोस्टमास्तर. झटक्यानंतर उजवा पाय ओढायचे. ते दोन आडव्या दांड्यांना धरून चालण्याचा सराव करत होते आणि लेकीनं मला त्यांच्यावर लक्ष ठेवायला बसवलं होतं.

फाटकातून गाडी बाहेर पडल्याचा आवाज आला. थोड्या वेळानं वर टक् झालं. गरम पत्रा निवताना होतं तसं. मग आणखी एक.

"सर, गच्चीवर मांजर आहे का हो?" पोस्टमास्तरांनी विचारलं.

गर्डर आणि स्लॅबमधल्या सिमेंटमधून पांढरी भुकटी गळू लागली, टोकापासून टोकापर्यंत, सरळ रेषेत. घराकडचं दार मी उघडं ठेवलं होतं. ते आपोआप ओढलं गेलं आणि चौकटीत आवळून बसलं. दोरी अजून तशीच होती. मी तिच्याकडे पाहिलं. चार बोटांची फट तीन झाली.

तीन म्हणजे बरोबर. तीनच व्हायला हवी होती. क्षणभर मला आनंद झाला, हे लिहिताना हात थांबतो. माझं गणित बरोबर होतं!

मग तिची अडीच झाली.

पोस्टमास्तर मध्यावर होते. त्यांना नुसतं 'पुढे या' म्हणायचं होतं. दोन शब्द. पण मी दोरीकडे पाहत होतो आणि मनात भागाकार करत होतो. अडीच बोटं म्हणजे किती, ते मर्यादेत बसतं का, त्या खोडलेल्या आकड्यासकट बसलं असतं का. भुकटी त्यांच्या टकलावर पडत होती. ते हातानं झटकत होते आणि तिथेच उभे होते.

"सर, मी थांबू का चालू?"

मी अजून भागाकारच करत होतो.

बाहेर गाडीचं दार आपटलं. बाजूच्या दारातून ही आत आली. पायात चपला नव्हत्या, केस सुटले होते. सरळ मध्यावर आली, पोस्टमास्तरांना दंडाला धरून हलकेच पुढे सरकवलं आणि त्यांच्या जागी उभी राहिली. खांदे एकदा वर घेतले, बाई डोक्यावरची पाटी नीट बसवते तसे.

वरचे आवाज थांबले. घराकडचं दार सुटं होऊन हळूच उघडलं.

"मी गॅस बंद केला होता का हो?" तिनं मला विचारलं. दम लागला होता.

मागून लेक आली, चावी बोटावर फिरवत, चिडलेली. "अर्ध्या रस्त्यातून परत फिरवलं मला! गॅस म्हणे, गॅस! फॅक्टरसाहेब, तुमची लागण झालीय हिला."

पोस्टमास्तर हसले. मी स्टुलावर चढलो. चार बोटं.

७

मी पाचशेचा गर्डर मागवला. लेकीला सांगितलं, मनाला पटत नाही, बदलून टाकू.

"बाबा, एक सूतसुद्धा वाकला नाहीये तो!"

"म्हणूनच."

"आणि माझी घोडी? जाईल खालून?"

"पाय कापून घेऊ तिचे."

ती माझ्याकडे बघत राहिली. भांडली नाही. मी भीत होतो की ती कारण विचारेल. तिनं विचारलं असतं तर हॉल त्या दिवशीच बंद करावा लागला असता, आणि मला सांगावं लागलं असतं की मी काय खोडलं, कोणासमोर मोठं दिसण्यासाठी. ते सांगण्यापेक्षा मी माणसांना त्या छताखाली येऊ दिलं. पोस्टमास्तरांनाही.

हॉलच्या सुट्टीच्या दिवशी वेल्डिंगवाला आला. नवा गर्डर त्यानं कुंपणाच्या भिंतीलगत आडवा ठेवला आणि जुन्याच्या दोन्ही बाजूंना पुन्हा टेकू उभे केले. टेकूला खाली आट्यांचा स्क्रू असतो. तो फिरवत गेलं की टेकू वर चढतो, स्लॅबला भिडतो आणि भार घेतला की फिरायचा थांबतो. त्यानं फिरवले. भिडले. मग त्यानं एक बोट लावलं आणि टेकू लट्टूसारखा गरकन फिरला.

"भारच येत नाहीये सर."

"आणखी चढव."

"आणखी चढवला तर वरचा स्लॅब फुटेल. भिडवून ठेवलेत, हे आपला भार आपण घेतील." त्यानं डोकं खाजवलं. "तोपर्यंत जुना काढता येणार नाही. पण जुन्यावर तरी भार कुठे आहे? असलं बघितलं नव्हतं बुवा. टेकू भरले की फोन करा, माणसं घेऊन येतो."

तो गेला. दुपार कलत होती. पश्चिमेच्या खिडकीतून उन्हाचा रुंद पट्टा हॉलभर आडवा पडला होता आणि त्यात सिमेंटची धूळ तरंगत होती. ही मध्यावर उभी होती, माझ्याकडे पाठ करून, हात दोन्ही बाजूंना सोडलेले. काही उचललेलं नव्हतं. तिच्या डोक्यापासून गर्डरपर्यंत नुसती मोकळी हवा होती. मी हायसं वाटून श्वास सोडला.

माझ्या श्वासानं धूळ हलली. उन्हातून सरकत सरकत ती तिच्यापर्यंत गेली आणि तिच्या खांद्यांच्या वर दुभंगली. अर्धी इकडून, अर्धी तिकडून. नदीचं पाणी खांबाला वळसा घालतं तशी. खांद्यांपासून गर्डरच्या तळापर्यंत एक उभी जागा होती, तिच्याच रुंदीची, आणि तिच्यात धुळीचा एक कणही जात नव्हता.

तिथे काय होतं हे मला सांगता येत नाही. मी पाहिलं ते एवढंच, की त्या जागेला वर, गर्डरला भिडते तिथे, जरासा बाक होता. जड ओझ्याखाली मानेला येतो तसा.

मग ऊन ढगाआड गेलं.

८

"अगं," मी म्हणालो.

ती वळली नाही. "आलात? टेकू लावले का हो त्यानं?"

"लावलेत."

"चांगले आहेत?"

"चांगले आहेत. तू आता..." आमच्या इतक्या वर्षांत हे बोलायची वेळ आली नव्हती. "तू आता सोड."

मग तिनं मान किंचित फिरवली. घामानं केस कपाळाला चिकटलेले होते. चेहरा मात्र रोजचा. पायरीवर पिशव्या घेऊन उभी असते तेव्हाचा.

"सोडू? नक्की?"

एक शब्द बोलायचा होता. होकाराचा. पण टेकूखालची फरशी तेवढा भार पेलेल का, हे मी पाहिलं नव्हतं. टेकू अगदी उभे होते का? स्लॅब एकदम खाली बसला तर झटक्यानं भार दुप्पट होतो, तो मी धरला होता का? मी एकदाच काय ते धडाडीनं ठरवलं होतं, आणि त्याचं हे झालं होतं. आता पुन्हा धडाडीनं हो म्हणायचं? ती तर बरोबर खाली उभी होती.

"तुम्ही म्हणाल तर सोडते," ती म्हणाली.

"थांब जरा," मी म्हणालो. "एकदा तपासून घेतो."

ती हसली. खरंच हसली. "सावकाश बघा. मी आहे."

तेव्हापासून मी तपासतोय. माझ्या खोलीतलं टेबल दाराजवळ ओढून घेतलंय, म्हणजे हॉलचा अर्धा भाग दिसतो. फरशी पेलते. टेकू उभे आहेत, ओळंबा लावून पाहिलं. झटका धरूनही पुरून उरतात. उत्तर दर वेळी तेच येतं आणि दर वेळी बरोबर येतं. बरोबर आलेल्या उत्तराकडे मी पाहत बसतो, आणि गच्चीवर जातंय कोण, असं म्हणताना मला किती खात्री होती ते आठवतं. मग कोरा कागद घेतो.

पाचशेचा गर्डर कुंपणाशी गंजतोय. हॉल चालूच आहे, लेकीनं टेकूंना पिवळी फडकी बांधलीत, रुग्ण त्यांना सरावले आहेत. वेल्डिंगवाल्याचा फोन येतो, "भरले का सर टेकू?" मी म्हणतो, बघतोय. येताजाता मी टेकूला बोट लावतो. गरकन फिरतो. गच्चीवरची निळी दोरी मी परवा आणखी खाली बांधली. पोस्टमास्तर काठीशिवाय चालायला लागले. "भार टाका," लेक त्यांना सांगते, "पडणार नाही तुम्ही."

मध्येच सगळे आवाज थांबतात आणि ही हॉलमधून मला विचारते, "झालं का हो?"

"होतंय," मी म्हणतो. "एवढं एकदा."

"सावकाश बघा."

तिचा आवाज पूर्वीसारखाच आहे. फक्त हल्ली तो जरा खालून येतो.